दोन पंखांमधल्या तारा

द्विपंखी विमानाच्या वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये ज्या तिरप्या तारा ताणलेल्या दिसतात, त्यांची कल्पना रेल्वेच्या पुलांवरून उचललेली आहे. मांडवाचे खांब आणि वरचे आडवे वासे यांची चौकट कितीही घट्ट बांधली तरी एका कोपऱ्याला जोराचा धक्का बसला की ती एका अंगाला कलते. मात्र तिच्या दोन्ही कर्णांवर दोर ताणून बांधले की तीच चौकट जागची हलत नाही, कारण खांब दाब सोसतात, दोर ओढ सोसतात आणि दोघे मिळून कोपऱ्यांचे कोन बदलू देत नाहीत. उभ्या अवयवांनी दाब आणि तिरप्या अवयवांनी ओढ सोसायची, या तत्त्वावरच्या पुलाच्या सांगाड्याचे पेटंट अमेरिकेत प्रॅट पितापुत्रांनी १८४४ मध्ये घेतले, आणि पुढील अर्धशतकात अमेरिकेतील असंख्य रेल्वेपूल त्याच पद्धतीने उभे राहिले. असे पूल बांधण्यात आयुष्य घालवलेले ऑक्टेव्ह शनूट हे मूळचे पॅरिसचे अभियंते उतारवयात उड्डाणाच्या प्रश्नाकडे वळले. १८९६ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर त्यांच्या मंडळींनी जे ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे यान, उडवून पाहिले, त्याचे दोन पंख शनूट यांनी प्रॅटच्या पुलासारखेच लाकडी खांब आणि पोलादी तारा यांनी जोडलेले होते. सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या राइट बंधूंनी हीच रचना स्वीकारली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे उडालेल्या त्यांच्या विमानात तिला आणखी एक काम दिले: पंखांच्या मागच्या कडेच्या काही तारा त्यांनी सैल आणि सरकत्या ठेवल्या, ज्या ओढल्या की पंखाची टोके पिळली जात आणि विमानाचा तोल सावरता येई. म्हणजे एका बाजूच्या तारा पंखांना ताठ ठेवत आणि दुसऱ्या बाजूच्या तारा त्यांना हवे तसे वाकवत.

जहाजाच्या डोलकाठ्या आणि शिडे दोरांनी जखडून ठेवण्याच्या कामाला इंग्रजीत रिगिंग म्हणत असत; विमानवाल्यांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला, आणि तारा जोडून त्यांचा ताण जुळवणारा कारागीर रिगर झाला. मराठीत या तारांना रूढ नाव नसल्याने येथे त्यांना ताणतारा म्हटले आहे. त्यांचे मुख्य प्रकार समजून घेतल्याशिवाय पुढची हकिगत उलगडणार नाही. पंखाच्या मुळापाशी, खालच्या बाजूने निघून बाहेरच्या खांबाच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारा या उड्डाणतारा. हवेत असताना पंख वर उचलले जाऊन दुमडू नयेत म्हणून संपूर्ण विमानाचा भार याच तारा पेलतात. धडाच्या वर असलेल्या आखूड खांबांच्या माथ्यापासून बाहेरच्या खांबाच्या पायथ्याकडे उतरणाऱ्या त्या अवतरणतारा. विमान जमिनीवर टेकले की उचल संपते आणि पंखांचे स्वतःचे वजन या तारांवर येते. पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये फुली मारणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या तारा पंखाचा हवेशी असलेला कोन राखतात. उड्डाणतार तुटणे म्हणजे हवेतच पंख गमावणे, म्हणून पहिल्या महायुद्धातील बहुतेक ब्रिटिश विमानांत त्या जोडीने बसवलेल्या असत, तर अवतरणतारा एकेरी असत. या विमानांची छोटी प्रतिकृती करताना हा फरक चुकला की जाणकाराची नजर प्रथम तिथेच अडखळते.

दोन खांबांच्या जोड्यांमधील अंतराला, घराच्या बाबतीत मराठीत जो शब्द वापरतात तोच वापरून, खण म्हणता येईल. सॉपविथ कॅमल आणि एस.ई.५ए ही लढाऊ विमाने एका बाजूला एक खण असलेली, म्हणजे तारांच्या दृष्टीने सुटसुटीत होती. भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी १९१८ च्या जुलैमध्ये आपले विजय एस.ई.५ए मधूनच मिळवले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्समधील लढाईत प्राण गमावलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ज्या सॉपविथ डॉल्फिनमध्ये उडत, ते मात्र दोन खणांचे होते, आणि त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित मागे असल्याने त्याच्या तारांचा कल नेहमीच्या विमानांच्या उलटा दिसतो. फ्रेंच स्पाड ७ हे विमान या बाबतीत फसवे आहे. ते दिसते दोन खणांचे. प्रत्यक्षात ते एकाच खणाचे असून, मधले बारीक खांब केवळ तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांची थरथर कमी व्हावी म्हणून बसवलेले आहेत. खणांचा हिशेब खांब मोजून करणाऱ्याला हे विमान हमखास चकवते.

तार म्हणून नेमके काय वापरायचे, याची उत्तरे देशोदेशी वेगळी निघाली. जर्मन कारखान्यांनी बहुतांशी पिळाची पोलादी दोरी वापरली, आणि तिचा ताण कमीजास्त करण्यासाठी टोकाला टर्नबकल बसवले. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला छोटा दंडगोल, जो फिरवला की दोन्ही बाजूंचे स्क्रू एकाच वेळी आत ओढले जातात. ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने वेगळी वाट काढली. गोल तार आपल्या जाडीच्या मानाने हवेला अतोनात विरोध करते, आणि विमानात अशा तारांची एकूण लांबी बरीच भरत असल्याने इंजिनाच्या शक्तीचा मोठा वाटा त्या तारांनाच हवेतून ओढण्यात खर्ची पडतो, हे ओळखून तेथील अभियंत्यांनी पोलादी सळई लाटून तिचा छेद भिंगासारखा, मधे फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळता केला. फॅक्टरीच्या आद्याक्षरांवरून तिला रॅफवायर हे नाव पडले. तिच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असत, त्यामुळे सबंध तारच फिरवून ताण देता येई आणि टर्नबकलची गरज उरत नसे. परिणामी जर्मन विमानाच्या प्रतिकृतीत तारेच्या टोकाशी बारीकशी गाठ दिसणे आवश्यक ठरते, आणि ब्रिटिश विमानाच्या प्रतिकृतीत तीच गाठ चूक ठरते.

रिगरचे काम हे पहिल्या महायुद्धाने घडवलेल्या नव्या धंद्यांपैकी एक होते, आणि इंजिन सांभाळणाऱ्या फिटरच्या तुलनेत इतिहासाने त्याची उपेक्षाच केली आहे. ओळंबा, पाणसळ, सरळ पट्टी आणि कोनमापक एवढ्या, गवंडी आणि सुताराच्या ओळखीच्या साधनांनिशी त्याला पंखांचा उतार, कोन आणि एकमेकांपासूनचे अंतर अंशांच्या आणि मिलिमीटरच्या हिशेबात जुळवावे लागे. आधी धड सरळ करायचे, मग मधला भाग, आणि त्यानंतर बाहेरचे खण, हा क्रम ठरलेला होता, कारण मधला भाग कणभर तिरका राहिला तर ती चूक बाहेर जाता जाता वाढत जाते. इंजिनाच्या फिरण्यामुळे विमान एका बाजूला कलू पाहते म्हणून एका पंखाचा कोन टोकाकडे किंचित वाढवायचा आणि दुसऱ्याचा कमी करायचा, ही खुबीही तारांच्या ताणानेच साधली जाई. होरेशियो बार्बर यांच्या त्या काळी गाजलेल्या ‘द एरोप्लेन स्पीक्स’ या पुस्तकात उचल आणि ओढ या शक्तींना बोलती पात्रे करून हे सारे शास्त्र शिकाऊंना समजावून दिले आहे. पंखांच्या मधे कॅनरी पक्षी सोडावा आणि तो बाहेर निसटला तर एखादी तार जोडायची राहिली असे समजावे, हा या धंद्यातला जुना विनोद तारांच्या दाटीची चांगली कल्पना देतो. हवेत या तारा गुणगुणत; इंजिन मंद करून खाली येताना अनेक वैमानिक त्या आवाजाच्या पट्टीवरून वेग ओळखत. प्रतिकृतीच्या कोणत्याही तंत्राला हा आवाज कधीच देता आलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

तारांचे राज्य संपवण्याची सुरुवात जर्मनीत झाली. ह्यूगो युंकर्स यांनी १९१५ मध्ये बाहेरून एकही ताणतार नसलेले, संपूर्ण धातूचे एकपंखी विमान उडवले, आणि १९१७-१८ मध्ये फोकर कंपनीच्या त्रिपंखी डीआर.१ आणि द्विपंखी डी.७ या विमानांनी जाड, आतून भक्कम लाकडी तुळया असलेले पंख वापरून पंखांमधल्या तारा जवळपास हद्दपार केल्या. तरीही हा बदल सर्वत्र पोहोचायला पुढची दोन दशके लागली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटांसारखे पहिले भारतीय वैमानिक ज्या मॉथ विमानांवर शिकले ती द्विपंखी आणि तारांची होती. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती वेस्टलँड वापिती या द्विपंखी विमानांवर. आणि १९३१ मध्ये प्रथम उडालेले टायगर मॉथ तर दुसरे महायुद्ध संपल्यावरही भारतातील उड्डाण क्लबांमध्ये दिसत राहिले.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा इतिहास या संधिकाळातच सुरू होतो, आणि त्यातली विसंगती लक्षणीय आहे. १९३२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी आखलेले ‘स्कायबर्ड्स’ हे लाकूड आणि धातूचे संच विक्रीस आले. सर्व विमाने एकाच प्रमाणात, म्हणजे ६ फुटांना १ इंच किंवा १:७२, करायची ही त्यांची कल्पना पुढे जगभर रुजली. १९३६ च्या अखेरीस ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकचे पहिले संच आले. न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव न उडणाऱ्या विमानांना दिलेले होते. त्यातील आरंभीची ब्लॅकबर्न शार्क, ग्लॉस्टर ग्लॅडिएटर आणि हॉकर फ्युरी ही तिन्ही विमाने द्विपंखी होती. म्हणजे प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचा जन्मच ताणतारांच्या विमानांपासून झाला. त्या संचांसाठी वापरलेले सेल्युलोज अॅसिटेट हे द्रव्य मात्र काळाबरोबर वाकत जाते, त्यामुळे आज शिल्लक असलेल्या मोजक्या पेंग्विन विमानांचे पंख एखाद्या निष्काळजी रिगरच्या हातून गेल्यासारखे वेडेवाकडे झालेले असतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि मित्रांची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने लागल्या, आणि अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून अशी ५ लाख लाकडी विमाने मागवली. पण तोवर युद्ध एकपंखी विमानांचे झाले होते आणि तारांचा प्रश्न मागे पडला होता.

तो पुन्हा पुढे आला १९५० च्या दशकात. एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी पॉलिस्टायरीन या नव्या प्लॅस्टिकमध्ये पहिल्या महायुद्धातील कॅमल, अल्बाट्रॉस, ब्रिस्टल फायटर अशी विमाने आणली, आणि वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळणाऱ्या त्या संचांनी एका पिढीला द्विपंखी विमानांची ओळख करून दिली. तारा मात्र त्यांत नव्हत्या. याची कारणे व्यापारी आणि व्यावहारिक होती: गिऱ्हाईक शाळकरी होते, पॉलिस्टायरीन जोडणारा सिमेंटवजा गोंद हा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा करतो आणि दोऱ्याला धरत नाही, आणि तळहातावर मावणाऱ्या विमानात चाळीस-पन्नास दोरे बसवण्याइतका धीर दहा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होते. परंतु या सोयीचा परिणाम असा झाला की बिनतारी द्विपंखी विमान हेच अनेकांच्या डोळ्यांना खरे वाटू लागले. वास्तविक असे विमान उडणे दूरच, धावपट्टीवर पंख सावरून उभेही राहिले नसते. रंग, चिन्हे आणि तोफा यांच्या तपशिलाबद्दल कमालीचे काटेकोर असलेले कारागीर विमानाचा अर्धा सांगाडा वगळूनही आपले काम अचूक समजत राहिले, ही या छंदाच्या इतिहासातील चमत्कारिक गोष्ट आहे.

ज्यांनी तारा बसवायच्या ठरवल्या त्यांनी हाताशी जे होते त्यावर काम भागवले. सुती दोरा सर्वांत सोपा, पण त्याची लव या लहान प्रमाणात काथ्याच्या दोरखंडासारखी दिसते, म्हणून तो मेणातून ओढून घेत. काहींनी माणसाचे केस वापरले. सर्वांत टिकाऊ ठरलेली युक्ती मात्र संचातूनच निघाली. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या काडीला स्प्रू म्हणतात. ती मेणबत्तीच्या ज्योतीवर सावकाश फिरवून मऊ झाली की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी ओढायची, म्हणजे तिचा केसासारखा बारीक आणि गोल छेदाचा धागा तयार होतो. विणकामाच्या काट्याएवढी काडी एका क्षणात हातभर लांब होते, आणि ओढण्याचा वेग जितका जास्त तितका धागा बारीक निघतो. हा धागा मोजून कापून, टोकांना पांढऱ्या गोंदाचा थेंब लावून खांबांमध्ये ठेवत, आणि तो किंचित सैल राहिला तर पेटती उदबत्ती त्याच्या जवळून, न टेकवता, हळूच फिरवत; उष्णतेने प्लॅस्टिक आकसते आणि धागा तारेसारखा ताठ होतो. उदबत्ती क्षणभर जास्त रेंगाळली तर धागा तुटतो, आणि मग काम पुन्हा काडी ओढण्यापासून सुरू होते.

नायलॉनचा पारदर्शक एकेरी धागा, म्हणजे मासेमारीचा किंवा रफूचा, आणि सायनोअॅक्रिलेट हा क्षणात चिकटणारा गोंद यांनी हे काम बदलून टाकले. हॅरी कूव्हर यांना १९४२ मध्ये योगायोगाने सापडलेला हा गोंद १९५८ पासून बाजारात आला, आणि हळूहळू छंदाच्या टेबलावर पोहोचला. भारतात तो फेविक्विक या नावानेच ओळखला जातो. त्याने दोरा आणि प्लॅस्टिक यांचा सांधा शक्य केला, आणि त्यामुळे नवी पद्धत रुळली: ०.३ मिलिमीटरच्या गिरमिटाने पंखात आरपार भोक पाडायचे, दोरा त्यातून ओवायचा, खाली कपड्याचा चिमटा लटकावून वजनाने ताण द्यायचा, गोंदाचा थेंब सोडायचा, आणि सुकल्यावर टोक कापून पंखाचा पृष्ठभाग घासून पुन्हा रंगवायचा. पुढे लायक्रासारखे लवचिक धागे आले, ज्यांना बोट लागले तरी ते तुटत नाहीत आणि पूर्ववत होतात. रॅफवायरसाठी चपटा लवचिक धागा आणि जर्मन टर्नबकलसाठी पितळी नळीचे तांदळाच्या कणीहून लहान तुकडे वापरण्याची चालही याच काळातली.

येथे थोडे गणित करणे भाग आहे, कारण ताणतारांच्या बाबतीत प्रमाण पाळणे वाटते तितके सरळ नाही. पाव इंची सळईपासून लाटलेली भिंगाकृती तार सुमारे ९ मिलिमीटर रुंद आणि सुमारे २ मिलिमीटर जाड असते. १:७२ प्रमाणात ही रुंदी ०.१२ मिलिमीटर आणि जाडी ०.०३ मिलिमीटर होते. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केस वापरला तर तो बाजूने पाहताना खऱ्या तारेपेक्षा बारीक आणि समोरून पाहताना दुप्पट-तिप्पट जाड दिसणार. कोणताही गोल धागा दोन्ही बाजूंनी बरोबर असूच शकत नाही. १:३२ प्रमाणात हीच तार सुमारे ०.२८ मिलिमीटर रुंद होते आणि चपटेपणा डोळ्यांना दिसू लागतो. लहान प्रमाणात तारा वगळाव्यात, जाड दोऱ्यापेक्षा काहीच नसलेले बरे, असे मानणारा एक पक्ष नेहमीच होता, आणि या आकड्यांकडे पाहता त्याचे म्हणणे निव्वळ आळसाचे समर्थन म्हणून उडवून लावता येत नाही.

मोठ्या प्रमाणाच्या बाजूने निर्णायक पाऊल पडले ते न्यूझीलंडमध्ये. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी स्थापन केलेल्या वेलिंग्टनच्या विंगनट विंग्ज कंपनीने २००९ मध्ये १:३२ प्रमाणातील पहिल्या महायुद्धाची विमाने आणली, आणि त्यांच्या रंगीत माहितीपुस्तिकांमध्ये प्रत्येक ताणतारेचा मार्ग आकृतीने दाखवलेला असे. तत्पूर्वी ज्या गोष्टीसाठी जुनी छायाचित्रे भिंगाखाली घालावी लागत, आणि त्यांतही तारा इतक्या पुसट की अंदाजच बांधावा लागे, ती गोष्ट आता पुस्तिकेत तयार मिळू लागली. जॅक्सन यांच्याच दुसऱ्या संस्थेत त्या काळची विमाने पूर्ण आकारात, उडण्याजोगी बनवली जात होती, त्यामुळे खऱ्या तारांची माहिती त्यांना जवळच उपलब्ध होती. ही कंपनी २०२० मध्ये बंद पडली. तिच्या संचांनी मात्र तारांविना केलेले द्विपंखी विमान अपुरे समजण्याची सवय लावली होती, आणि ती पुढेही टिकली.

प्रतिकृतीतील तार काहीच पेलत नाही, ती निव्वळ देखाव्याची असते, ही समजूतही अर्धीच खरी आहे. आरपार ओवून ताणलेला नायलॉनचा दोरा पंखांना खरोखर ओढतो: एका बाजूचा दोरा थोडा अधिक ताणला की पातळ प्लॅस्टिकचा पंख पिळतो, समोरच्या दोऱ्याने तो परत आणावा लागतो, आणि सर्व खण जुळले की काडीसारख्या खांबांवर डुगडुगणारे विमान एकाएकी ताठ होते. म्हणूनच अनुभवी कारागीर मधल्या भागापासून सुरुवात करून बाहेर जातात, डावीकडे एक तार आणि लगेच उजवीकडे तिची जोडीदार असा क्रम राखतात, आणि ताण वाढवताना दोन्ही पंख समोरून एका रेषेत पाहत राहतात. फार्नबरोच्या किंवा जर्मनीतल्या योहानिस्थालच्या हँगरमधील रिगरने हा क्रम लगेच ओळखला असता.

नवशिक्यांना पहिले विमान म्हणून फोकर डीआर.१ घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, त्यामागचे खरे कारण त्याचा तांबडा रंग किंवा ते उडवणारा जर्मन वैमानिक रिश्टहोफेन याची कीर्ती यांत शोधायला नको. त्या विमानाला पंखांमध्ये ताणताराच नाहीत, धडावरच्या आखूड खांबांमधली एक फुली आणि चाकांच्या सांगाड्यातल्या एक-दोन तारा एवढ्यावर काम भागते. ज्याला कॅमल किंवा डॉल्फिन करायचे आहे, त्याने तारांसाठी लागणारा वेळ बाकीच्या सर्व कामाइतकाच धरावा, आणि दोरा आधीच आणून ठेवावा, कारण बहुतेक संचांच्या पेटीत तो आजही नसतो.